‘बोट’ बघायला उभी राहिलेली माणसं : पंचमहासरोवरांवरच्या एका छंदाची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ शहरात, पंचमहासरोवरांपैकी (‘ग्रेट लेक्स’) सुपीरियर सरोवराच्या पश्चिम टोकाला एक कालवा आहे. रुंदी जेमतेम 300 फूट. त्यातून 1,000 फूट लांब आणि 105 फूट रुंद मालवाहू बोट आत शिरते तेव्हा दोन्ही बाजूंच्या काँक्रीटच्या धक्क्यांवर लोक आधीच जमलेले असतात. कुणी पोरांना खांद्यावर घेतलेलं, कुणाच्या गळ्यात कॅमेरा. पूल अख्खाच्या अख्खा वर उचलला जातो. बोट भोंगा देते, पूलही भोंग्यानेच उत्तर देतो. मग पाच-सात मिनिटं एक लोखंडी भिंत अगदी जवळून सरकत जाते. बोटीत लोखंडाच्या खनिजाच्या गोळ्या भरायच्या असतात, किंवा कोळसा. पाहण्यासारखं त्यात काय आहे, असा प्रश्न नवख्याला पडतो.

आधी एक शब्द. या सरोवरांवर हजार फुटी जहाजालाही ‘शिप’ म्हणत नाहीत, ‘बोट’च म्हणतात. आपल्याला ते चटकन कळावं, कारण कोकणी माणसासाठीही आगबोट ही बोटच होती. ‘बोट लागली’ म्हणायचं, आणि 1947 साली बुडाली तीही ‘रामदास बोट’च. पंचमहासरोवरांच्या काठावर या वेडाने झपाटलेल्या माणसाला ‘बोटनर्ड’ म्हणतात, आणि तो ते बिरूद आनंदाने मिरवतो.

या छंदाची मुळं भूगोलात आहेत. एकटं सुपीरियर सरोवर 82,000 चौरस किलोमीटरचं, म्हणजे पाव महाराष्ट्राहून थोडं मोठंच. सुपीरियर, मिशिगन, ह्युरन, ईरी, ओंटारिओ मिळून क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या चार-पंचमांश भरेल. एवढ्या पाण्यावर बोट किनाऱ्यावरून दिसण्याचं खरं तर कारण नाही. पण ही सरोवरं एकमेकांना जोडलेली आहेत ती अरुंद नद्यांनी आणि माणसाने खोदलेल्या दारांनी. सुपीरियरमधून खाली जायला सेंट मेरीज नदी, ह्युरनमधून ईरीकडे सेंट क्लेअर आणि डेट्रॉइट नद्या, नायगाऱ्याला वळसा घालायला वेलंड कालवा. दिवसभर क्षितिजापलीकडे असलेली बोट इथे कुणाच्या तरी परसदारावरून जाते. समुद्रावरच्या बंदरात जहाज बघायचं तर दुर्बीण लागते. इथे घरच्या ओट्यावर खुर्ची टाकली की पुरे.

ही दारं कशी उघडली ती गोष्ट रंजक आहे. सेंट मेरीज नदीच्या खळाळात पाणी 21 फूट खाली उतरतं. 1855 पूर्वी तिथे माल उतरवून खळाळाच्या कडेने गाड्यांवरून न्यायचा आणि पलीकडे दुसऱ्या गलबतात भरायचा. वजनकाटे विकणाऱ्या फेअरबँक्स कंपनीचा चार्ल्स हार्वी नावाचा तरुण विक्रेता तिथे आजारातून उठत होता. त्याच्या डोक्यात हा कालवा बसला. सरकारने साडेसात लाख एकर जमीन देऊ केली, कंपनी उभी राहिली, आणि 1855 मध्ये अमेरिकेच्या बाजूची पहिली लॉक सुरू झाली. लॉक म्हणजे पाण्याची पायरी. बोट हौदात घ्यायची, दार लावायचं, वरचं पाणी आत सोडायचं, की बोट आपोआप उचलली जाते. पंप नाहीत, सगळं काम पाण्याच्या उताराचं. आज याच खळाळाकाठच्या सू सेंट मेरी गावातल्या पो लॉकची रुंदी 110 फूट आहे आणि मोठ्या बोटींची 105. दोन्ही बाजूंना मिळून पाच फूट मोकळे. आपल्या जुन्या चाळीच्या बोळातून लग्नाचं कपाट नेताना जो श्वास रोखला जातो, तो इथे हजारो टन लोखंडासाठी रोखायचा!

डुलुथचा कालवा 1870-71 चा. शेजारच्या विस्कॉन्सिनमधल्या सुपीरियर शहराने कोर्टातून मनाई आणायच्या आत गावकऱ्यांनी रातोरात फावडी चालवून तो पूर्ण केला, ही तिथली लाडकी आख्यायिका. प्रत्यक्षात काम यंत्राच्या ड्रेजरने केलं, असं इतिहासकार दाखवून देतात. पण आख्यायिका मरत नाही, आणि खरं सांगायचं तर मरू नये. 1905 मध्ये कालव्यावर लोंबत्या पाळण्यातून माणसं आणि गाड्या पलीकडे नेणारा पूल झाला, 1930 च्या सुमारास त्याचाच आजचा उचलपूल केला गेला.

काठावर उभं राहून बोटीची वाट पाहणं हा मात्र सुरुवातीला छंद नव्हता. ते काम होतं. डेट्रॉइटमध्ये 1874 साली जॉन वेस्टकॉट नावाचा माणूस वल्ह्यांची होडी घेऊन चालत्या बोटीजवळ जायचा आणि कप्तानाला सांगायचा की तुमचा माल अमुक धक्क्यावर उतरवायचा आहे. रेडिओ नव्हता. मालकाचा निरोप मध्येच गाठून द्यायचा तर डोळ्यांनी बोट ओळखायलाच हवी. लांबून, धुरावरून, चिमणीच्या रंगावरून. 1895 पासून तो टपालही पोचवू लागला. बोट थांबायची नाही, वरून दोरीला बांधलेली बादली यायची, पत्रं त्यात टाकायची. ती पद्धत टिकली, 1948 मध्ये कंपनीला टपाल खात्याचं कंत्राट मिळालं आणि त्या टपालहोडीला स्वतःचा पिनकोड आहे : 48222. चिमणीवरची खूण बघून कंपनी ओळखणं ही आजच्या बोटनर्डची पहिली इयत्ता असते. त्या इयत्तेचं पाठ्यपुस्तक वेस्टकॉटच्या होडीत तयार झालं, असं मला वाटतं.

कामानंतर आली काळजी. 28 नोव्हेंबर 1905 या दिवशी सुपीरियरवर भयंकर वादळ झालं. ‘माटाफा’ नावाची बोट डुलुथच्या कालव्यात शिरू पाहत होती. लाटेने तिला धक्क्यावर आपटलं, वळवलं आणि किनाऱ्यापासून अगदी जवळ आणून मोडलं. हजारो लोक किनाऱ्यावर जमले. रात्रभर त्यांनी शेकोट्या पेटवून ठेवल्या, बोटीवरच्यांना दिसाव्यात म्हणून. त्या समुद्रात बचावहोडी घालणं शक्यच नव्हतं. पुढच्या भागातली माणसं सकाळी सुखरूप उतरवता आली, मागच्या भागातले 9 जण थंडीने गोठून गेले. सगळं शहर बघत होतं आणि कुणालाही काही करता आलं नाही. आज जिथे लोक आइस्क्रीम खात बोटीची वाट बघतात तीच ही जागा. त्या वादळाने केलेल्या नुकसानीनंतरच उत्तर किनाऱ्यावर स्प्लिट रॉकचं दीपगृह उभारलं गेलं, 1910 मध्ये.

या बोटींचा चेहराही इथलाच आहे. 1869 मध्ये क्लीव्हलँडला बांधलेल्या ‘आर. जे. हॅकेट’ या बोटीत कप्तानाची केबिन अगदी पुढच्या टोकाला, यंत्र अगदी मागच्या टोकाला, आणि मधला सगळा भाग मालासाठी मोकळा ठेवला होता. खनिज वरून ओतायचं तर मध्ये काही आड येता कामा नये. हाच घाट जवळजवळ शंभर वर्षं चालला. पुढे एक घर, मागे एक घर, मधे लांबच लांब अंगण. समुद्रावरच्या जहाजांत असं सहसा दिसत नाही. दुसरी गंमत पाण्याची. गोड्या पाण्यात लोखंड फारसं गंजत नाही, म्हणून खाऱ्या समुद्रावर पंचवीस-तीस वर्षांत भंगारात जाणारं जहाज इथे पन्नास-साठ वर्षं सहज धावतं. 1906 ची ‘सेंट मेरीज चॅलेंजर’ सिमेंट वाहत 2013 पर्यंत स्वतःच्या इंजिनावर चालत होती. आजोबांनी पाहिलेली बोट नातवालाही दिसते, मग ती नुसतं वाहन कशी राहील?

मांडवीतून खनिजाचे बार्ज जाताना पाहिलेल्या गोव्याच्या माणसाला हे चित्र ओळखीचं वाटेल. खाणीतून नदी, नदीतून बंदर. फरक फक्त आकाराचा. तिथला बार्ज हजार-दोन हजार टनांचा, इथली मोठी बोट साठ हजार टनांहून जास्त माल नेते. मिनेसोटाच्या खाणींतलं खनिज खालच्या सरोवरांवरच्या पोलाद कारखान्यांना पोचवायचं, या एका गरजेवर हा सगळा व्यवहार उभा आहे. त्यातला एक धागा मुंबईपर्यंतही येतो : सू सेंट मेरीच्या कॅनडाकडच्या काठावरचा अल्गोमा पोलाद कारखाना 2007 मध्ये एस्सारने विकत घेतला होता आणि पुढची काही वर्षं तो एस्सारच्याच नावाने चालला.

छंदाला छंदाचं रूप आलं ते दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास. 1944 मध्ये डेट्रॉइटमध्ये बोटींच्या इतिहासाची मंडळी एकत्र आली आणि त्यांची संस्था झाली. पण मोठं वळण 1959 चं. त्या वर्षी सेंट लॉरेन्स जलमार्ग सुरू झाला आणि अटलांटिक ओलांडून आलेली परदेशी जहाजं थेट डुलुथपर्यंत येऊ लागली. काठावरच्या लोकांना अनोळखी झेंडे, न वाचता येणारी नावं दिसू लागली. सरोवरातली ती ‘लेकर’ आणि समुद्रावरून आली ती ‘सॉल्टी’, अशी विभागणी झाली. त्याच वर्षी सू सेंट मेरीच्या टॉम मॅन्स यांनी बोटींची नावं, लांबी, मालक आणि चिमण्यांचे रंग देणारी छोटी पुस्तिका काढली. ‘नो युअर शिप्स’ या नावाने ती अजूनही दर वर्षी निघते. पक्षीनिरीक्षकाला जशी सचित्र मार्गदर्शिका, तशी ही. माझ्या मते छंद जन्मतो तो यादी छापली जाते त्या दिवशी. तोवर नुसतं बघणं असतं. यादी आली की ‘ही पाहिली, ती राहिली’ सुरू होतं.

बोटींवरच्यांनाही बघणारे हवेसे वाटायचे, याचा उत्तम नमुना म्हणजे पीटर पल्सर. ‘एडमंड फिट्झगेराल्ड’ ही बोट 7 जून 1958 रोजी डेट्रॉइटजवळ पाण्यात सोडली तेव्हा 729 फुटांची, सरोवरांवरची सर्वांत लांब. पल्सर तिचे कप्तान असताना सेंट क्लेअर आणि डेट्रॉइट नद्यांमधून जाताना कर्ण्यावर संगीत लावायचे आणि सू लॉकमध्ये बोट उभी असली की कर्णा हातात घेऊन काठावरच्या पर्यटकांना स्वतःच्या बोटीची माहिती सांगायचे. काठ आणि डेक यांच्यातलं ते अंतर इतकं कमी होतं.

म्हणूनच 10 नोव्हेंबर 1975 ची रात्र एवढी लागली. तीच फिट्झगेराल्ड, आता दुसऱ्या कप्तानाच्या हाताखाली, सुमारे 26,000 टन खनिज घेऊन सुपीरियरवर वादळात सापडली. मागून येणाऱ्या ‘आर्थर एम. अँडरसन’ला शेवटचा निरोप आला तो ‘आम्ही तग धरून आहोत’ अशा अर्थाचा. मग रडारवरून ठिपका गेला. 29 पैकी एकही वाचला नाही. डेट्रॉइटच्या नाविकांच्या चर्चमध्ये 29 टोल दिले गेले. पुढच्याच वर्षी एका कॅनडियन गायकाच्या गाण्याने ही बोट जगभर पोचली. 1995 मध्ये तिची घंटा वर काढून व्हाइटफिश पॉइंटच्या संग्रहालयात ठेवली. या छंदात आलेल्या कित्येकांची पहिली बोट हीच असते, जी त्यांनी कधी पाहिलीच नाही. अँडरसन त्यानंतर कित्येक दशकं धावत राहिली. ती डुलुथला शिरताना तीन लांब आणि दोन आखूड भोंग्यांची सलामी द्यायची तेव्हा धक्क्यावर गर्दी उसळायची ती उगाच नव्हे.

याच काळात बोटी बदलत होत्या. 1972 मध्ये पहिली हजार फुटी ‘स्टुअर्ट जे. कॉर्ट’ आली, 1981 पर्यंत अशा 13 झाल्या. शेवटची, आताच्या ‘पॉल आर. ट्रेगुर्था’ या नावाची, 1,013 फुटांहून लांब आहे आणि सरोवरांची राणी म्हणवते. अशी एक आली की जुन्या कित्येक घरी बसल्या. त्यात ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पोलादाचा धंदा कोसळला. पुढे-मागे घरं असलेल्या देखण्या बोटी एकामागून एक भंगारात निघाल्या. तेव्हा नुसते बघणारे लोक वाचवणारे झाले. डुलुथची ‘विल्यम ए. इर्विन’, क्लीव्हलँडची ‘विल्यम जी. मॅदर’ यांची संग्रहालयं झाली. ‘विल्यम क्ले फोर्ड’ची कप्तान-केबिन डेट्रॉइटच्या संग्रहालयाला जोडली. सर्वांत अफाट प्रकार ईरी सरोवरातल्या साउथ बास बेटावर : ‘बेन्सन फोर्ड’चा पुढचा अख्खा भाग कापून तिथल्या कड्यावर ठेवला आणि त्याचं घर केलं. हे वाचताना पहिल्यांदा मी हसलो, मग नकाशा काढून ते बेट शोधलं.

पुढचा प्रवास आपल्या पिढीचा आहे, त्यामुळे थोडक्यात. डुलुथला 1973 पासून कालव्याशेजारीच सागरी संग्रहालय आहे, बोटींच्या वेळा तिथे कळतात. आधी लोक रेडिओचे स्कॅनर घेऊन कप्तानांचं बोलणं ऐकत. नव्वदच्या मध्यावर संकेतस्थळं आली. 2001 च्या हल्ल्यांनंतर गोद्यांची फाटकं बंद झाली आणि सार्वजनिक धक्क्यांचं मोल वाढलं. मग प्रत्येक बोटीची जागा क्षणोक्षणी सांगणारी एआयएस यंत्रणा मोबाइलवर आली. आता कुणालाही घरबसल्या कळतं की अमुक बोट चाळीस मिनिटांत पुलाखाली येणार. वाट पाहण्यातला जुगार गेला, असं जुने लोक कुरकुरतात. मला ती कुरकुर पटते. पण डेट्रॉइट, क्लीव्हलँड, टोरंटोकडच्या मराठी घरांत सुट्टीत आलेल्या आजी-आजोबांना थंडीत तासन्‌तास उभं न ठेवता बोट दाखवता येते, हाही फायदाच. 2022 मध्ये ‘मार्क डब्ल्यू. बार्कर’ ही नवी बोट आली. 1983 नंतर याच सरोवरांवर बांधलेली अमेरिकी झेंड्याखालची ती पहिली मालवाहू बोट, त्यामुळे पहिल्या हंगामात ती जाईल तिथे गर्दी होती.

हंगामालाही इथे पंचांग आहे. 15 जानेवारीला सू लॉक बंद होतात. बर्फ धरतो, बोटी धक्क्याला लागून झोपतात, आणि त्या झोपलेल्या बोटी बघायलाही लोक जातात. सहसा 25 मार्चला मध्यरात्री 12 वाजून 1 मिनिटाने लॉक उघडतात. पहिली बोट कोणती असेल यावर आधीचे कितीतरी दिवस पैजा लागलेल्या असतात. आणि त्या वेळी, मिशिगनच्या त्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत, कुंपणाला लागून थर्मास घेतलेली माणसं उभी असतात. लांबून दिवे दिसतात. कुणीतरी चिमणीचा रंग ओळखायचा प्रयत्न करतं.