लॅटिनच्या लेकी 'हो' म्हणायला कशा शिकल्या

रोमन साम्राज्याची भाषा लॅटिन. कायदे, काव्य, फौजेचे हुकूम, सगळं तिच्यात होतं. पण नुसतं 'हो' म्हणायला तिच्याकडे स्वतंत्र शब्द नव्हता. 'वेनिस्ने?' म्हणजे 'येतोस का?' असं विचारलं की उत्तर यायचं 'वेनिओ', येतो. आपणही 'साखर आहे का?' या प्रश्नाला 'आहे' म्हणतो, तसंच. जोर द्यायचा असेल तर 'सीक' किंवा 'इता' म्हणजे 'असंच', 'वेरो' म्हणजे 'खरंच' असे शब्द हाताशी होते. पण ते सगळे मुळात दुसऱ्या कामाचे.

ही उणीव बायबलच्या लॅटिन भाषांतरात लख्ख दिसते. मत्तयच्या शुभवर्तमानात येशू सांगतो, तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही, एवढंच असू द्या. ग्रीक मूळात तिथे 'नाइ, नाइ. ऊ, ऊ' आहे. ग्रीकमध्ये 'नाइ' म्हणजे होय. ४थ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोमने लॅटिन शुभवर्तमानं नीट लावली. त्या पाठात ओळ आहे 'एस्त, एस्त, नोन, नोन', म्हणजे 'आहे, आहे, नाही, नाही'. नकाराला नकाराचा शब्द मिळाला, होकाराला मात्र क्रियापदावर भागवावं लागलं.

पुढे लॅटिनपासून वेगवेगळ्या भाषा झाल्या, तेव्हा 'नोन' सगळ्या लेकींना वारशात मिळालं. फ्रेंच 'नों', स्पॅनिश आणि इटालियन 'नो', रोमानियन 'नू', सगळी एकाच घरातली. होकार मात्र आयता मिळण्यासारखा नव्हता, तो प्रत्येकीला घडवावा लागला. म्हणूनच या कुटुंबात नकार एकसारखा आहे आणि होकारात फाटे फुटले आहेत. शब्दांचा इतिहास शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

इटली आणि स्पेनने 'सीक' उचललं. 'असंच' म्हणता म्हणता त्याचा अर्थ 'हो' झाला आणि शेवटचा 'क' गळून 'सी' उरलं. दक्षिण फ्रान्सने 'होक' घेतलं, म्हणजे नुसतं 'हे'. त्याचं झालं 'ओक'. उत्तर फ्रान्समधली गोष्ट सगळ्यात रंगतदार आहे. तिथे 'हे' पुरेना, म्हणून त्याला कर्ता जोडायचे. स्वतःबद्दल उत्तर असेल तर 'ओ-जे', हे मी. तिसऱ्याबद्दल असेल तर 'ओ-ईल', हे तो. पुढचं 'केलं', 'येईल' वगैरे मनातच राहायचं. हळूहळू 'ओईल' हे रूप सगळ्यांसाठी चालू लागलं, शेवटचा 'ल' झिजला आणि आजचं फ्रेंच 'वी' तयार झालं. या एवढ्याशा शब्दात 'हे' आणि 'तो' असे दोन शब्द दडलेले आहेत.

हे तुकडे सुटे असताना कसे दिसायचे, याचा पुरावाही आहे. १४ फेब्रुवारी ८४२ रोजी स्ट्रासबर्गला फ्रँक सम्राट शार्लमेनच्या दोन नातवांनी एकमेकांना साथ देण्याची शपथ घेतली. जर्मन लुईने ती भाऊ चार्ल्सच्या सैनिकांना कळावी म्हणून त्यांच्या बोलीत घेतली. फ्रेंचचा सर्वात जुना नमुना म्हणून ती ओळखली जाते. तीत 'सी साल्वाराई एओ' आहे, म्हणजे 'तसं मी रक्षण करीन'. इथला 'सी' अजून 'तसं'च आहे. पुढे येतं 'इन ओ क्विद इल मि आल्त्रेसी फाझेत', म्हणजे 'तोही माझ्याशी तसंच वागेल या अटीवर'. त्यात 'ओ' आणि 'इल' मध्ये एकच शब्द ठेवून उभे आहेत. पुढे त्यांचाच 'ओईल' होणार होता!

१३०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत इटालियन कवी दान्तेने लोकभाषांवर एक ग्रंथ लॅटिनमध्ये लिहायला घेतला. तो अपुरा राहिला, पण त्यात त्याने या भाषांची वर्गवारी होकारावरून केली: काही जण 'ओक' म्हणतात, काही 'ओईल', काही 'सी'. आपल्या महाकाव्यातही तो इटलीला 'जिथे सी निनादतो तो सुंदर देश' म्हणतो. 'लांगदोक' हे दक्षिण फ्रान्समधल्या प्रांताचं नाव म्हणजे सरळ 'ओकची भाषा'. १५३९च्या राजाज्ञेने न्यायालयीन कागदपत्रांत फ्रेंच सक्तीची केली आणि या दक्षिणी भाषेची पीछेहाट वाढली. तरी २०१६ साली तुलूझ राजधानी असलेल्या नव्या विभागाला 'ऑक्सितानी' नाव मिळालं. त्यातही तोच 'ओक' आहे.

फ्रेंचने 'सी' टाकून दिला नाही. 'तू येत नाहीस?' या प्रश्नावर मराठीत नुसतं 'हो' म्हटलं तर घोटाळा होतो: येतोय की नाही? फ्रेंच माणूस अशा वेळी 'सी' म्हणतो आणि त्याचा अर्थ एकच, 'येतोय तर!' नकारार्थी प्रश्न खोडून काढायला राखून ठेवलेला हा होकार मला फार सोयीचा वाटतो.

रोमानियन भाषेने 'हो'साठी शेजारच्या स्लाव भाषांचं 'दा' घेतलं. तिच्याकडेही 'सीक' पोहोचलं होतं, पण तिथे त्याचं 'शी' झालं आणि अर्थ झाला 'आणि'. 'मामा शी ताता' म्हणजे आई आणि बाबा.

आणि गोव्यामुळे आपल्याला ओळखीची असलेली पोर्तुगीज? तिच्याकडे 'सीक'पासूनच आलेला, नाकात म्हटला जाणारा 'सीं' आहे. तरी लिस्बनमध्ये कुणाला 'जेवलास का?' विचारलं तर बहुतेकदा 'सीं' ऐकू येत नाही. उत्तर येतं 'कोमी', जेवलो.