तसा बैल आणि तोच बैल

तान्ह्या पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात मी तिसरीच्या वर्गात आठ चित्रं दोरीला टांगली. गोष्ट साधीच होती. ढवळ्या नावाचा बैल पोळ्याच्या दिवशी गोठ्यातून निसटतो, गावभर हिंडतो आणि सगळ्यांच्या आधी तोरणाखाली जाऊन उभा राहतो. ढवळ्या खराच आहे. आमच्या आर्वीकडच्या गावात एका विद्यार्थ्याच्या आजोबांचा तो गवळाऊ जातीचा बैल, वर्गातल्या प्रत्येक पोट्ट्याला ठाऊक असलेला. चित्रं मात्र मी एआयकडून काढून घेतली होती आणि मनातल्या मनात स्वतःवर खूश होतो.

पोरांनी दोन मिनिटं चित्रं न्याहाळली. मग मागून एक पोरगी म्हणाली, "सर, ह्या आठ बैलायपैकी ढवळ्या कोनता हाये?"

त्यानंतर वर्ग माझ्या हातात राहिला नाही. पहिल्याला वशिंडच नाही. तिसऱ्याची शिंगं लांब. पाचव्याच्या गळ्याची पोळी गायब. "सहावा तं जर्सी हाये, सर!" निकाल लागला होता आणि तो बरोबर होता.

गंमत अशी की यंत्राला मी दर वेळी अक्षरशः एकच वर्णन दिलं होतं: पांढरा गवळाऊ बैल, आखूड शिंगं, उजव्या शिंगाचं टोक मोडलेलं, गळ्यात निळ्या मण्यांची माळ. जर्सी सोडला तर बाकीचे सात बैल त्या वर्णनात कमीअधिक बसत होते. पण हेच वर्णन बैलबाजारातल्या दलालाला सांगा, तोही दुपारपर्यंत चार-पाच बैल समोर उभे करील. शब्द 'तसा' सांगतात; 'तोच' सांगत नाहीत. चित्र काढणाऱ्या एआयची सगळी अडचण या दोन शब्दांमधल्या फटीत आहे.

ही यंत्रं चित्र काढतात कशी? जुन्या टीव्हीवर अँटेना हलला की मुंग्या यायच्या, ते आठवा. यंत्र तिथूनच सुरुवात करतं. शिकवताना त्याला कोट्यवधी चित्रांवर थोड्याथोड्या मुंग्या सोडून दाखवलेल्या असतात आणि विचारलेलं असतं, यातल्या मुंग्या कोणत्या ते ओळख. ते नीट जमायला लागलं की उलटा खेळ करता येतो: निव्वळ मुंग्या द्यायच्या आणि म्हणायचं, यात एक बैल आहे, मुंग्या झटकत जा. वीस-पन्नास पायऱ्यांत बैल दिसू लागतो. या पद्धतीला डिफ्यूजन म्हणतात. तिची कल्पना २०१५ ची, ती नीट कामाला लागली २०२० मध्ये, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये स्टेबल डिफ्यूजन खुलं झाल्यावर ती घरच्या संगणकापर्यंत आली.

यात एक चतुराई आहे. ५१२ बाय ५१२ ठिपक्यांच्या रंगीत चित्रात ७,८६,४३२ आकडे असतात. एवढ्यांवर पुन्हा पुन्हा गणित करणं महाग पडतं, म्हणून स्टेबल डिफ्यूजन आधी चित्र दाबून १६,३८४ आकड्यांत बसवतं, काम तिथे करतं आणि शेवटी उलगडतं. अठ्ठेचाळीस पट बचत. शिंगाच्या टोकाचा बारीक टवका या दाबण्यात हमखास मार खातो.

शब्दांचं काय होतं? 'क्लिप' नावाची दुसरी एक यंत्रणा, ओपनएआयची, २०२१ सालची, ४० कोटी चित्रं आणि त्यांच्याखालचा मजकूर यांवर शिकलेली. ती आपल्या वर्णनातल्या प्रत्येक तुकड्याची आकड्यांची एक रांग बनवते आणि मुंग्या झटकणारं यंत्र त्या रांगांकडे बघत काम करतं. 'बैल' या शब्दाच्या रांगेत जगभरच्या बैलांची सरमिसळ आहे. ढवळ्या त्यात नाही. शिवाय स्टेबल डिफ्यूजन ज्या चित्रसंग्रहातून शिकलं त्यात एकूण सुमारे ५८५ कोटी जोड्या होत्या आणि पहिल्या आवृत्त्या प्रामुख्याने त्यातल्या इंग्रजी मजकुराच्या भागावर तयार झाल्या. जर्सी कुठून आली ते कळलं असेल.

मी आधी सगळ्यांसारखाच वर्णन लांबवायला गेलो. क्लिपला एका वेळी ७७ तुकडेच घेता येतात, त्यामुळे माझा अर्धा निबंध वाऱ्यावर गेला. मग बी धरून पाहिलं. सुरुवातीच्या मुंग्या कशा मांडायच्या हे एका क्रमांकावरून ठरतं, त्याला सीड म्हणजे चक्क बीच म्हणतात. तोच क्रमांक आणि तेच शब्द दिले की तंतोतंत तेच चित्र मिळतं. पण मला एकच चित्र आठदा नको होतं. एकदा बैल नाल्यात हवा होता, एकदा तोरणाखाली. बी तेच ठेवलं तरी रान बदललं की पीक बदलतं, हे आम्हाला कोणी सांगायला नको होतं.

इथे एक आडवळण घेतो, कारण पोरांनी मला ज्यात पकडलं ती गोष्टच भारी आहे. माणसाच्या मेंदूत, खालच्या बाजूला, चेहरे पाहिल्यावर विशेष सजग होणारा एक भाग आहे. १९९७ मध्ये नॅन्सी कॅन्विशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो स्कॅनमध्ये दाखवला. चेहरा आपण नाक, डोळे, ओठ असा सुटा वाचत नाही, एकदम वाचतो. म्हणून झाडाच्या चित्रात दहा फांद्या इकडच्या तिकडे झाल्या तरी चालतं, पण चेहऱ्यात जरासा फरक पडला की माणूस परका होतो. हे कौतुक माणसांपुरतंच नाही. मेंढ्यांना पन्नास दुसऱ्या मेंढ्यांचे चेहरे ओळखायला शिकवलं, तर दोन वर्षांनंतरही ते त्यांच्या लक्षात होते, असं २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं. मग गोठ्यात वाढलेल्या आठ वर्षांच्या पोरीने ढवळ्याला ओळखलं यात नवल ते काय.

उलट आपल्याकडच्या चित्रकारांनी हा प्रश्न फार पूर्वी वेगळ्याच वाटेने सोडवला. मोरपीस आणि बासरी असली की कृष्ण. कमरेवर हात आणि पायाखाली वीट असली की विठोबा. दहा कॅलेंडरांवर दहा चेहरे असतात आणि तरी कोणी विचारत नाही की यातला खरा कोणता. 'तोच' ठरवण्याचं काम चेहऱ्याकडून काढून लक्षणांकडे दिलेलं. ही युक्ती आजही सगळ्यात स्वस्त. पात्राला एखादी ठळक, यंत्राला चुकायला अवघड अशी खूण द्यावी. लाल फेटा चालेल, चौकड्याचा शर्ट नको, कारण चौकडा दर चित्रात बदलतो. निळी माळ माझ्या आठपैकी सात चित्रांत टिकली होती. मोडकं शिंग एकात.

पण मला ढवळ्याच हवा होता. त्यासाठी मी आजोबांच्या गोठ्यात जाऊन त्याचे अठरा फोटो काढले.

फोटोवरून शिकवण्याचे दोन मार्ग ऑगस्ट २०२२ मध्येच पुढे आले. पहिल्यात यंत्राला हात लावत नाहीत, फक्त त्याच्या शब्दकोशात एक नवा शब्द घालतात. तीन-पाच फोटो दाखवून अशी आकड्यांची रांग शोधायची की ती दिली की हाच बैल निघावा. ढवळ्या हे जणू विशेषनाम झालं. दुसरा मार्ग ड्रीमबूथ, गूगल आणि बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांचा. यात यंत्राचंच थोडं मन बदलतात. काम चांगलं होतं, पण एक खोड आहे: यंत्र हावरटपणे शिकतं आणि मग त्याला प्रत्येक बैल ढवळ्याच दिसू लागतो. पोळ्याच्या चित्रात रांगेत वीस ढवळ्ये! त्यावर तोडगा म्हणून शिकवताना यंत्राने आधी स्वतःच काढलेले साधे बैलही सोबत दाखवत राहतात, म्हणजे 'बैल' या शब्दाचा जुना अर्थ पुसला जात नाही.

मी वापरला तो या दुसऱ्या वाटेचा हलका अवतार, लोरा. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२१ मध्ये तो भाषेच्या यंत्रांसाठी काढला होता, चित्रवाल्यांनी उचलला. यंत्राच्या पोटात आकड्यांचे मोठे तक्ते असतात. ७६८ ओळी आणि ७६८ स्तंभांचा एक तक्ता धरला तर ५,८९,८२४ आकडे झाले. लोरा त्याला हात लावत नाही. शेजारी दोन चिंचोळ्या पट्ट्या ठेवतो, एक ७६८ बाय ४ आणि दुसरी ४ बाय ७६८. दोन्ही मिळून ६,१४४ आकडे. त्यांचा गुणाकार केला की मोठ्या तक्त्यावर चढवायची दुरुस्ती तयार होते. शहाण्णव पट कमी आकडे शिकवायचे, म्हणून नागपूरच्या मित्राच्या १२ जीबी ग्राफिक्स कार्डावर हे काम तासाभरात उरकलं. बैलावर झूल चढवावी तसं. झूल काढली की बैल मूळचा.

पहिला निकाल पाहून मी हसत सुटलो. ढवळ्या आला होता, वशिंड, पोळी, आखूड शिंगं सगळं घेऊन. आणि प्रत्येक चित्रात त्याच्या मागे एक निळा प्लास्टिकचा ड्रम होता. नाल्यात ड्रम, तोरणाखाली ड्रम, मारुतीच्या पारावर ड्रम. आजोबांच्या गोठ्यात पाण्याचा ड्रम आहे आणि माझ्या अठरापैकी चौदा फोटोंत तो आला होता. यंत्राला कोण सांगणार की ड्रम हा बैलाचा अवयव नव्हे? जे सगळीकडे सोबत दिसतं ते त्याच्या लेखी एकच.

इलाज सोपा, पण मेहनतीचा. एक तर फोटो वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या उन्हात काढायचे. दुसरं, प्रत्येक फोटोखाली मजकूर लिहायचा आणि त्यात जे बैलाचं नाही ते सगळं सांगायचं: गोठा, ड्रम, कडब्याची गंजी, संध्याकाळ. ज्याला शब्द मिळाला ते त्या शब्दाच्या खात्यावर जमा होतं. जे उरलं, न सांगितलेलं, तेवढं ढवळ्याच्या नावावर. म्हणजे ओळख पटवायची तर त्या बैलाबद्दल गप्प राहून भोवतालाबद्दल बोलायचं. मला ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटली.

आता इतकं करायची गरज उरली का, असं कोणी विचारील. २०२३ पासून असे जोड निघाले की शिकवणं नकोच. एक फोटो द्या, ते त्यातून आकडे काढून यंत्राला देतात. माणसाच्या चेहऱ्यासाठी ते झकास चालतात, कारण त्यातले बरेच जण चेहरे ओळखणाऱ्या यंत्रणेची मदत घेतात, जी एका चेहऱ्याचे पाचेकशे आकडे करते. तिला बैल दाखवला तर चेहराच सापडत नाही! दुसरी युक्ती २०२४ ची: सगळी चित्रं एकदम काढायची आणि काढताना त्यांना एकमेकांकडे बघू द्यायचं, शेजारच्याच्या पाटीत डोकावणाऱ्या पोरांसारखं. एका चित्राच्या आत यंत्र हे करतंच, म्हणून तर बैलाची दोन शिंगं एकमेकांशी जुळतात. तेच डोकावणं चित्राबाहेर वाढवलं.

आणि २०२५ मध्ये आलेली बोलून चित्रं काढणारी यंत्रं, चॅटजीपीटीतलं मार्चमधलं किंवा गूगलचं ऑगस्टमधलं, आधीचं चित्र समोर ठेवूनच पुढचं काढतात. काम खरंच सोपं झालंय. फक्त एक काळजी: दुसऱ्या चित्रावरून तिसरं, तिसऱ्यावरून चौथं असं करत गेलात तर झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं होतं, आठव्या पानावर पाहुणा बैल उभा. दर वेळी पहिल्या मूळ फोटोकडे परतावं.

पोरांचे फोटो मी यात कुठेच दिले नाहीत. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराखालच्यांसाठी पालकांची संमती लागते, आणि ती मिळाली असती तरी एखाद्याचा चेहरा हवा तिथे बसवता येईल अशी वस्तू मला बनवायची नव्हती. बैलाची हरकत नव्हती. त्याच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक मात्र यंत्राने प्रत्येक पानावर वेगळा काढला. तो मी पुसून टाकला.

बैल किती जुळला हे मोजायलाही यंत्रणा आहेत. ड्रीमबूथवाल्यांनी क्लिपपेक्षा डिनो नावाच्या यंत्रणेवर जास्त भरवसा ठेवला, कारण क्लिपला दोन पांढरे बैल सारखेच वाटू शकतात. ती 'तसा' शिकलेली, 'तोच' कशी मोजणार? मी मोजणीच्या फंदात पडलो नाही. माझ्याकडे आजोबा होते.

ढवळ्याच्या गोष्टीचं पुस्तक छापून झाल्यावर ते घेऊन त्यांच्या ओसरीवर बसलो. त्यांनी सावकाश पानं उलटली. चौथ्यावर हसले, पाचव्यावर मान हलवली. सहाव्या पानावर ढवळ्या बंडीला जुंपलेला होता, तिथे त्यांचं बोट थांबलं.

"थो हाये त् थोच," ते म्हणाले. "पन हा डाव्या अंगाले कसा? अन् शिंग बी डावं मोडलं."

ढवळ्या जन्मभर उजव्या अंगाला चाललेला. मी घरी येऊन लोराच्या नोंदी उघडल्या. फोटो कमी असले की आरशातल्यासारखे उलटवून दुप्पट करायची एक सोय असते. अठराचे छत्तीस करायला मी तीच चालू ठेवली होती. यंत्राने डावं-उजवं सारखंच मोजलं, बरोबर मी सांगितलं तसं. त्या रात्री लाइन होती तोवर ती सोय बंद करून पुन्हा शिकवायला लावलं.