स्वमग्न पोरं मोठी झाली, पण नोकरीचा कागद मागंच राहिला

नागपुरात नोकरी म्हणजे पेन्शनवाली नोकरी, हे आपल्या आईबाबांच्या डोक्यात फार पक्कं बसलेलं आहे आणि त्याला कारणही आहे. एम्प्रेस मिल 1877 ला सुरू झाली आणि जमशेटजी टाटांनी तिथे 1886 मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड काढला, 1901 मध्ये प्रॉव्हिडंट फंड, म्हणजे देशात बहुतेक मालकांना हे सुचायच्या कितीतरी आधी. नंतर रेल्वे, एजी म्हणजे महालेखापालांचं ऑफिस, अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी, वेकोलि ही सरकारी कोळसा कंपनी. घरातला एक माणूस कुठेतरी चिकटला की घर तरलं. माझा भाऊ 1994 चा, स्वमग्न म्हणजे ऑटिस्टिक आहे, आणि त्याला असं चिकटायला जागाच नव्हती. का नव्हती ते नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं, कारण लोक विचारतात "अहो पण दिव्यांगांना तर कोटा असतो ना?"

असतो, पण आधी ऑटिझम त्यात नव्हताच. 1995 चा अपंग कायदा आला त्यात सात प्रकार होते, अंधत्व, कमी दृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष, हातापायाचं अपंगत्व, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. स्वमग्नता नाही. आणि नोकरीतलं 3 टक्के आरक्षण होतं ते दिसणं, ऐकणं आणि हातपाय यांच्यापुरतंच. म्हणून आमच्यासारख्या घरांनी काय केलं, तर मतिमंद असं सर्टिफिकेट घेतलं, कारण बसचा पास आणि शाळेची सवलत तरी मिळायची. माझ्या भावाला पाच आकडी गुणाकार तोंडी येतो, आणि फाईलमध्ये तो शब्द वीस वर्षं तसाच पडून होता, आई ती फाईल कोणासमोर उघडायची नाही.

1999 मध्ये नॅशनल ट्रस्टचा कायदा आला, त्यात पहिल्यांदा ऑटिझमचं नाव आलं, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्या सोबत. चांगला कायदा आहे तो, पण त्याचा भर पालकत्व आणि सांभाळ यावर, "आमच्या मागं याचं कोण" हा आईबापाचा प्रश्न त्यात घेतलाय. काम, पगार, स्वतःचं बँक खातं, याबद्दल हातात फारसं काही पडत नाही. मला वाटतं इथेच गाडी अडली, सगळ्यांनी ऑटिझमला लहान मुलांची गोष्ट समजलं. थेरपी सेंटर गल्लोगल्ली झाले, अठरा वर्षं झाली की पुढे रस्ताच संपतो.

मग 2016 चा दिव्यांग हक्क कायदा, लागू झाला 19 एप्रिल 2017 ला. सातचे एकवीस प्रकार झाले, आरक्षण 4 टक्के, ऑटिझम आत आला. पण कसा आला बघा, एकच टक्का, आणि तो बौद्धिक अक्षमता, लर्निंग डिसेबिलिटी, मानसिक आजार या सगळ्यांमध्ये मिळून. त्यात ती पोस्ट आधी ऑटिझमसाठी योग्य म्हणून ठरलेली पाहिजे, केंद्राची ती सुधारित यादी आली जानेवारी 2021 मध्ये. तोवर भाऊ सव्वीस वर्षांचा. सर्टिफिकेटही नव्याने काढावं लागलं, आयएसएए नावाची 40 मुद्द्यांची चाचणी असते, त्यावर टक्के ठरतात आणि 40 च्या खाली आलं तर आरक्षण नाही. ज्याने तीस वर्षं घासून घासून नजरेला नजर द्यायला आणि "थँक यू" म्हणायला शिकलंय त्याला त्या एका खोलीत अर्ध्या तासात कोण कसं ओळखणार, ही माझी भीती होती, आमचं झालं एकदाचं पण सगळ्यांचं होत नाही.

खाजगी कंपन्यांचं म्हणाल तर एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीने आधी बंगळुरूला थोड्या ऑटिस्टिक लोकांना सॉफ्टवेअर टेस्टिंगला घेऊन पाहिलं आणि 2013 मध्ये जगभरासाठी तो कार्यक्रम जाहीर केला. नागपुरात विमानतळाजवळ मिहान हा कंपन्यांचा प्रकल्प झाल्यावर आम्हाला पण आशा वाटली. एका कंपनीत भावाला इंटरव्ह्यूला बोलावलं, विचारलं पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतोस, तो म्हणाला "रविनगरला, घरी". खरं उत्तर होतं ते. पुढे फोन आला नाही. कायद्यात रीझनेबल अकोमोडेशन आहे, म्हणजे माणसाला जमेल अशी सोय करून द्यायची, पण इंटरव्ह्यूऐवजी दोन तास काम देऊन बघा इतकी साधी सोय पण कोणाच्या लक्षात येत नाही.

सध्या तो नागपूरच्या महाल भागात एका बायंडिंगच्या दुकानात जातो, सकाळी दहा ते दोन. फर्मे म्हणजे छापून घडी घातलेले कागद मोजणे, अनुक्रमाने लावणे, कडा सारख्या करून ठोकणे. एक पान उलटं असलं तर त्याच्या बोटाला कळतं. सुरुवातीला समोर रस्त्याकडे बसवलं होतं, हॉर्नने कान दाबून बसायचा, तिसऱ्या दिवशी दुकानाचे मालक काकाच मला म्हणाले, "ताई, याले मांगं बसू दे, काम लय चोख आहे याचं." एवढीच सोय, आणि दीड वर्ष झालं टिकून राहिला.

पण पैशाचं कोडं वेगळंच आहे. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीतून रिटायर, आणि नियम असा की कायम दिव्यांग मुलाला आईबाबांनंतर जन्मभर फॅमिली पेन्शन मिळते, पण तो स्वतः पोट भरण्याइतकं कमवत नसेल तरच. आधी ही मर्यादा महिन्याला 9000 आणि वर महागाई भत्ता अशी होती, फेब्रुवारी 2021 मध्ये ती वाढवून बाबांच्या शेवटच्या पगाराच्या 30 टक्के आणि महागाई भत्ता इतकी केली. संजय गांधी निराधारच्या महिन्याच्या अनुदानाचं पण तसंच, दिव्यांगांसाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 50,000 च्या आत पाहिजे. म्हणून कित्येक घरी पोराला कामालाच पाठवत नाहीत, पगार दाखवला तर जन्माची पेन्शन जाईल या भीतीने. त्यांना मी नावं ठेवत नाही, दुकानातली नोकरी कधीही जाऊ शकते, पेन्शन जात नाही. पण मर्यादा वाढली हे अजून पुष्कळ लोकांना माहीतच नाही, बायंडिंगच्या पगाराने ती ओलांडली जात नाही हे आम्हाला पण बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी सांगितलं.

आईबाबा हयात असतानाच पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, मुलाचं नाव लावून ठेवता येतं, पालकत्वाचा अर्ज कलेक्टरच्या स्थानिक समितीकडे जातो. आम्ही दोन्ही यावर्षी दिलेत. अर्जावर सही करताना भावाने विचारलं, "यात दुकानाचं नाव का नाही?" रकाना नव्हता, मग बाबांनी व्यवसायाच्या पुढे पेनाने लिहिलं, बुक बायंडिंग.