एकाच डब्यातले दोन निळे

"एकाच डब्यातला रंग हाय सर, आईशप्पथ!" मेस्त्री कळवळून सांगत होता. कुपवाड रोडवरच्या गॅरेजात बारा मीटरची लक्झरी बस उभी होती. आषाढीच्या आधी गाडी नवीकोरी दिसावी म्हणून आमच्या गल्लीतल्या अण्णांनी ती निळ्या पर्लमध्ये, म्हणजे मोत्यासारख्या चमकणाऱ्या रंगात, रंगवून घेतली होती. पुढचा अर्धा भाग झकास, आणि मागच्या दोन खिडक्यांपासून रंग काळपट. मेस्त्रीनं मागं स्वस्तातला डबा वापरला, असं अण्णांचं ठाम मत. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून निवाडा माझ्याकडं आला.

संध्याकाळचं ऊन गाडीच्या कुशीवर पडलं होतं. मी दोघांना आधी गाडीच्या बाजूकडं तोंड करून सरळ उभं केलं, मग पुढच्या बंपरपाशी नेऊन पत्र्याला गाल लावल्यासारखं तिरकं बघायला लावलं. सरळ बघताना मागचा भाग गडद दिसत होता, तिरकं बघताना तोच भाग पुढच्यापेक्षा फिकट, दुधाळ झाला. रंगद्रव्यच जास्त गडद असतं तर तो भाग बहुधा दोन्हीकडून गडदच राहिला असता. बघण्याचा कोन बदलला की फरक उलटा होतो, म्हणजे डबा एकच आहे. डब्यातले कण पत्र्यावर वेगवेगळ्या तऱ्हेनं झोपलेत, एवढंच.

पर्ल म्हणजे मोती असला, तरी या रंगात मोत्याचा अंशही नसतो. असतं ते अभ्रक. अभ्रकाचे अतिशय पातळ पापुद्रे घेतात, साधारण 10 ते 60 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद आणि एका मायक्रॉनपेक्षाही कमी जाडीचे, आणि त्यांच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर चढवतात. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं तेच द्रव्य. अभ्रक रंगहीन, वरचा थर पांढरा. मग निळा आला कुठून?

तो आला थराच्या जाडीतून, आणि मला सगळ्यात जास्त भुरळ घालते ती हीच गोष्ट. पावसात ओल्या डांबरावर ऑइल सांडलं की इंद्रधनुष्याचे पट्टे दिसतात, ते सगळ्यांनी पाहिलेत. तिथं प्रकाशाचा काही भाग ऑइलच्या वरच्या पृष्ठभागावरून परततो, काही खालच्या पृष्ठभागावरून. दोन्ही लाटा परत येऊन एकमेकींत मिसळतात. शिखरावर शिखर आलं तर तो रंग उजळतो, शिखरावर दरी आली तर विझतो. पर्लच्या प्रत्येक कणावर हेच घडतं, फक्त ऑइलच्या जागी टायटॅनियम डायऑक्साइड.

आता थोडं गणित. या थराचा अपवर्तनांक, म्हणजे त्यात प्रकाशाचा वेग किती पटीनं कमी होतो तो आकडा, धरू 2.5. वरच्या पृष्ठभागावर प्रकाश विरळ माध्यमातून घन माध्यमाकडं जाताना परततो, त्यामुळं त्याची लाट अर्ध्या तरंगलांबीनं उलटते. खाली थराकडून अभ्रकाकडं जाताना मात्र उलटत नाही, कारण अभ्रकाचा अपवर्तनांक कमी, 1.6 च्या आसपास. म्हणून समोरून पाहताना 'चार गुणिले अपवर्तनांक गुणिले जाडी' या संख्येला 1, 3, 5 अशा विषम आकड्यांनी भागलं की उजळणाऱ्या तरंगलांब्या मिळतात. थर 50 नॅनोमीटरचा (हजार नॅनोमीटरचा एक मायक्रॉन) असेल तर 4 × 2.5 × 50 म्हणजे 500 नॅनोमीटर. दृश्य प्रकाशाच्या साधारण मध्यावर पसरट उजेड येतो, कण रुपेरी दिसतो. जाडी वाढवत नेली की तो सोनेरी, मग तांबूस होतो. 130 नॅनोमीटरला पहिली तरंगलांबी 1300, म्हणजे अवरक्तात जाते आणि डोळ्यांना दिसतच नाही. तीननं भागल्यावर येते 433, आणि तो आपला निळा! आणखी थोडी जाडी वाढवली की हिरवा. द्रव्य तेच, थराच्या जाडीत फरक फक्त काही शतांश मायक्रॉनचा.

निळा परतला, मग बाकीचा प्रकाश गेला कुठं? कणातून आरपार खाली. त्यातून निळा वजा झालेला असतो, म्हणून तो पिवळसर असतो. खाली पांढरा कोट असेल तर हा पिवळा परत वर येऊन निळ्यात मिसळतो आणि झळाळी जवळजवळ मावळते. खाली काळा किंवा गडद निळा असेल तर पिवळा तिथंच गिळला जातो आणि निळा उठून दिसतो. एकच पर्ल पावडर पांढऱ्यावर आणि काळ्यावर दोन वेगळे रंग देते. पर्लखालचा कोट नुसता पत्रा झाकायला नसतो, तोही रंगाचाच भाग असतो.

मोत्यातही तत्त्व हेच, फक्त तिथं कॅल्शियम कार्बोनेटच्या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. सी. व्ही. रामन यांनी शिंपल्यांच्या आणि मोत्यांच्या या रंगांचा मनापासून अभ्यास केला होता. अण्णांना कुणीतरी सांगितलं होतं की मोती चंद्राचा, म्हणून पर्ल रंगाच्या गाडीला अपघाताची भीती नाही. मी त्यांना स्पष्टच सांगितलं, कणांना प्रकाश कळतो, ग्रह कळत नाहीत. अपघात टळतो तो ब्रेकमुळं, टायरमुळं आणि झोप झालेल्या ड्रायव्हरमुळं.

आता कण झोपण्याचा मुद्दा. प्रत्येक कण म्हणजे इवलासा आरसा. सगळे आरसे पत्र्याला समांतर असतील तर समोरून लख्ख निळा दिसतो आणि बाजूनं गडद. त्यांना समांतर करतं ते थिनर, म्हणजे रंग पातळ करणारं द्रावण. फवारणीच्या गनमधून उडालेला बेस कोट, म्हणजे पर्लचा रंगीत थर, पातळ असतो, त्यात बरंचसं थिनरच. ते उडून गेलं की ओला पडदा आकसतो, उंचीनं कमी होत जातो आणि वरून दाबल्यासारखे कण आडवे पडतात. बेसचा कोट वाळल्यावर उरतो जेमतेम 15 ते 20 मायक्रॉन. गाडीच्या एका बाजूचा, समजा 35 चौरस मीटरचा, वाळलेला बेस गोळा केला तर लिटरची बाटलीही भरणार नाही. पण हात ओला पडला, म्हणजे एकाच वेळी जाड कोट बसला, तर थिनर उशिरा उडतं. तोवर ओल्या पडद्यात आतल्या आत प्रवाह फिरतात आणि कण तिरपे होऊन तसेच थिजतात. समोरून येणारा उजेड ते भलतीकडं फेकतात. म्हणून समोरून काळपट, बाजूनं फिकट. मेस्त्री लोक याला ढग पडणं म्हणतात, आणि शब्द अगदी चपखल आहे.

मोटारसायकलच्या टाकीवर हे सहसा होत नाही, तीन हातांत टाकी संपते. बारा मीटरच्या पत्र्यावर माणूस फळीवर चालत जातो, हात पुरत नाही तिथं मनगट वळतं, गनचं अंतर बदलतं. त्यात आमच्याकडची मे महिन्यातली दुपार. मेस्त्रीनं पुढचा भाग सकाळी मारला होता. जेवणानंतर पत्रा तापलेला, रंग वाटेतच सुकेल या भीतीनं त्यानं हात सावकाश चालवला आणि कोट जाड बसला. त्याची नियत साफ होती, त्याला दुपारच्या उन्हानं फसवलं.

अण्णांनी विचारलं, वरून पॉलिश मारून जाईल का? नाही जाणार. दोष क्लिअरच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या पारदर्शक थराच्या, खाली आहे. क्लिअरचं काम वेगळं. कडाप्प्याच्या फरशीवर पाणी टाकलं की ती गडद आणि चकचकीत होते, कारण पाणी खडबडीतपणा भरून काढतं आणि प्रकाश इकडंतिकडं विखुरत नाही. क्लिअर म्हणजे कायमचं टाकलेलं पाणी, 40 ते 60 मायक्रॉन जाडीचं. त्यातली अतिनील किरणं शोषणारी द्रव्यं खालच्या बेसला उन्हापासून जपतात. या क्लिअरवर "9एच, हिऱ्यासारखं कठीण" असं सांगून सिरॅमिक कोटिंग विकलं जातं, तेव्हा एवढं लक्षात ठेवा की 9एच हे पेन्सिलच्या शिशाचं माप आहे. हिऱ्याचा 10 आकडा मोहसच्या, म्हणजे खनिजांच्या कठीणपणाच्या, मापनातला. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

क्लिअरबद्दल एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगायची आहे. ते कडक व्हावं म्हणून त्यात मिसळतात त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. फुफ्फुसात गेलं तर कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर बिथरलं की पुढं थोडासा वासही धाप लावतो. त्या गॅरेजात गन मारणारा मुलगा तोंडाला रुमाल बांधून उभा होता. रुमाल किंवा कागदी मास्क ही वाफ अडवत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हवा, आणि त्याचा खर्च गाडीमालकानं बिलात आनंदानं धरावा. हेच आयसोसायनेट हवेतल्या ओलाव्याशी भिडलं तर कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि क्लिअरमध्ये बारीक बुडबुडे राहतात. म्हणून ऐन पावसात उघड्या शेडमध्ये क्लिअर मारू नये.

मागच्या भागावरचं क्लिअर पाण्याच्या पेपरनं घासून काढलं. या वेळी मेस्त्रीनं आधी पत्र्याच्या तुकड्यांवर एक, दोन, तीन कोटांचे नमुने मारून उन्हात धरून बघितले. मग भल्या सकाळी, पत्रा गार असताना, दाराच्या चौकटीपासून शेवटच्या कोपऱ्यापर्यंत न थांबता बेसचे पातळ हात चालवले. बेसच्या शेवटी गन लांब धरून, हवा कमी करून एक हलका फवारा मारला. दोन दिवसांनी संध्याकाळी अण्णा पुन्हा बंपरपाशी गेले, पत्र्याला गाल लावला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. "आता शेवटच्या खिडकीपर्यंत एकच निळा हाय," म्हणाले आणि मेस्त्रीसाठी चहा सांगितला.