रानपिंगळा
रानपिंगळा हे केवळ मध्य व पश्चिम भारतातील पानगळीच्या जंगलांत आढळणारे, सुमारे 23 सेंमी. लांबीचे लहान घुबड आहे. गावशिवारात सर्रास दिसणाऱ्या पिंगळ्याशी त्याची गल्लत होते. परंतु पिंगळ्याचे डोके व पाठ पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेली असते, तर रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ एकरंगी, करडा-तपकिरी असतो. छातीवर तपकिरी रंग, पोटाचा खालचा भाग पांढराशुभ्र, शेपटीवर रुंद पट्टे आणि बोटांपर्यंत दाट पिसांनी झाकलेले भक्कम पाय या त्याच्या खुणा होत.

फ्रान्सिस ब्लेविट यांनी 1872 मध्ये आजच्या छत्तीसगडमधील फुलझर भागात मिळवलेल्या नमुन्यावरून पक्षितज्ज्ञ अॅलन ह्यूम यांनी 1873 मध्ये या पक्ष्याचे वर्णन केले आणि त्याला ब्लेविट यांचे नाव दिले. 1884 नंतर मात्र शंभराहून अधिक वर्षे त्याची खात्रीलायक नोंद झाली नाही. ब्रिटिश पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी 1914 मध्ये तापीकाठच्या मांडवी येथे तो मिळाल्याचा दावा केला होता. तो नमुना प्रत्यक्षात ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात गोळा केलेला जुना नमुना असल्याचे पुढे उघड झाले. नमुन्याला लावलेल्या, ठिकाण सांगणाऱ्या या एका खोट्या चिठ्ठीने शोधाची दिशाच चुकवली. पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अॅबट या पक्षी अभ्यासकांनी ती नोंद बाजूला ठेवून जुन्या खऱ्या ठिकाणांचा माग काढला आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळच्या जंगलात, भर सकाळी, त्यांना रानपिंगळा दिसला. पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट व मध्य प्रदेशातील लगतच्या जंगलांत तो आढळला. 2014 मध्ये ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यातही त्याची नोंद झाली.

हा पक्षी दिवसा वावरतो. उन्हाला येऊन उघड्या फांदीवर बसलेला नर शेपटी झपाझप डावी-उजवीकडे हलवतो, मान फिरवून जमीन न्याहाळतो आणि सरडा, उंदीर किंवा टोळ दिसताच खाली झेपावतो. मादी ढोलीत अंडी उबवत असताना तिला भक्ष्य आणून देण्याचे काम त्याच्याकडेच असते. अशा शिकारीसाठी झाडांमध्ये मोकळी जागा लागते, म्हणून किर्र रानापेक्षा साग, ऐन, सालई यांचे विरळ जंगल त्याला मानवते. नेमके असेच रान भिल्ल, पावरा, कोरकू या समाजांच्या शेतीचे, गुरांच्या चराईचे आणि सरपणाचेही आहे. त्यामुळे रानपिंगळ्याचा प्रश्न माणसाला वगळून सोडवता येत नाही.

विरळ रान आणि उजाड रान यांतला फरक येथे महत्त्वाचा ठरतो. मोकळ्या जागा कितीही असल्या, तरी जुनी, पोकळ झाडे उरली नाहीत तर घरटे होत नाही. आणि सरपणासाठी किंवा अतिक्रमणात अशी वठलेली झाडेच आधी तोडली जातात. विणीचा काळ साधारण ऑक्टोबर ते मे असतो. त्याच काळाच्या उत्तरार्धात मोहाची फुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो. ती आग पसरली की सरडे, किडे आणि कधी ढोलीचे झाडही जळून जाते. शेतात उंदरांसाठी ठेवलेले विष भक्ष्यावाटे पक्ष्यापर्यंत पोचण्याचा धोकाही असतो. घुबडाला अशुभ मानून किंवा जादूटोण्यासाठी त्याला मारणे हे तर निव्वळ क्रौर्य असून कायद्याने गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत या पक्ष्याला संरक्षण आहे.

नवी ठिकाणे सापडल्यामुळे धोक्यातील प्रजातींच्या जागतिक लाल यादीत 2018 मध्ये त्याला अतिसंकटग्रस्त गटातून संकटग्रस्त गटात आणण्यात आले, तरी प्रौढ पक्ष्यांची अंदाजित संख्या हजाराच्या आतच आहे. त्याच्या अधिवासाचा काही भाग अभयारण्यांच्या हद्दीबाहेर, गावांना लागून असलेल्या वनांत पडतो, आणि तेथे ढोलीची झाडे राखण्याचा निर्णय वनविभागाइतकाच त्या गावांच्या हाती असतो.