शोकाचा बँड मागे का वळतो?

कॉन्सर्ट बँडसाठी, म्हणजे फुंकून वाजवायच्या (सुषिर) वाद्यांच्या आणि तालवाद्यांच्या ताफ्यासाठी, स्मृतिरचना लिहायला बसलेला आजचा संगीतकार पुष्कळदा जुनं वळण घेतो: कोराल (चर्चमधल्या स्तोत्राची संथ चाल), शाकोन (तोच खर्ज पुन्हा पुन्हा येणारी रचना), पायरीपायरीने उतरणारा खर्ज. याला नुसतं स्मरणरंजन म्हणून सोडून देणं मला पटत नाही. ही वाट १६९५ सालीच मळलेली होती.

इंग्लंडची राणी दुसरी मेरी डिसेंबर १६९४ मध्ये देवीच्या रोगाने गेली. ५ मार्च १६९५ ला वेस्टमिन्स्टर ॲबेत अंत्यविधी झाला, संगीत इंग्लिश संगीतकार हेन्री पर्सेलचं. प्रार्थनांच्या चाली मात्र आधीच्या पिढ्यांतल्या टॉमस मॉर्ले या संगीतकाराच्या, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं जुन्या. त्यातली एक गहाळ होती. ती प्रार्थना पर्सेलने तरुणपणीच एकदा बांधली होती, पण इथे तिचा उपयोग नव्हता. त्याने नवी चाल केली, स्वतःचे लाडके बोचरे विवादी स्वर बाजूला ठेवून, सगळे आवाज एकदमच पावलं टाकतील अशी. मॉर्लेला जोड दिल्याचं कळू नये, इतकीच खटपट.

मिरवणुकीच्या चालीला चार ‘फ्लॅट ट्रम्पेट’ होते. तेव्हाच्या साध्या ट्रम्पेटला झडपा नसत, त्यामुळे मायनरमधले, म्हणजे पाश्चात्त्य संगीतातल्या उदास स्वरसप्तकातले, बरेचसे स्वर त्यातून निघतच नसत. फ्लॅट ट्रम्पेटची नळी मात्र सरकवता येई. शोकाला हवे ते स्वर मिळाले ते त्यामुळे. त्याच नोव्हेंबरात पर्सेल गेला आणि ती नवी चाल त्याच्याही अंत्यविधीत गायली गेली. पुढे विल्यम क्रॉफ्ट या इंग्लिश संगीतकाराने प्रार्थनांना नव्या चाली लावल्या, पण पर्सेलची ही चाल तशीच ठेवली. २०२२ मध्ये राणी एलिझाबेथला निरोप देतानाही ती होती.

बँड खऱ्या अर्थाने आला तो पॅरिसमध्ये. फ्रेंच क्रांतीचे सोहळे उघड्यावर होत आणि मोकळ्या हवेत व्हायोलिन विरून जातं. क्रांतीतला नेता मिराबो याच्या १७९१ मधल्या अंत्ययात्रेत संगीतकार गोसेकची शोकचाल वाजली: सुषिर वाद्यं, मधेच टॅम-टॅमचा (धातूच्या मोठ्या थाळीचा) एक ठोका, मग शांतता. फ्रेंच संगीतकार बर्लिओझने १८४० मध्ये १८३० च्या जुलै क्रांतीतल्या मृतांसाठी लष्करी बँडची अख्खी सिम्फनीच लिहिली.

१९९२ मध्ये स्टीव्हन स्टकी हा अमेरिकन संगीतकार पुन्हा पर्सेलच्या त्याच शोकसंगीताकडे गेला. सुषिर वाद्यं, तालवाद्यं, हार्प आणि पियानो घेऊन त्याने ते नव्याने मांडलं. काही ठिकाणी पर्सेल जवळजवळ जसाच्या तसा ऐकू येतो, काही ठिकाणी धूसर होत जातो. ऑर्केस्ट्रातला तंतुवाद्यांचा ताफा हाताशी असूनही स्टकीने तो घेतला नाही.