अल्बम ऐकून मत देणारा श्रोता: पॉप आणि इंडी रॉकमागची पार्श्वभूमी

‘पहिली चार गाणी जबरदस्त, मधली दोन भरतीची, शेवटचं गाणं सगळ्याला तारून नेतं.’ एखादा पॉप किंवा इंडी रॉक (मोठ्या कंपन्यांबाहेर, स्वतंत्रपणे निघणारं रॉक) अल्बम ऐकून कुणीही इतक्या सहज बोलून जातं. पण या एका वाक्यात किती तरी गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. दहा-बारा गाण्यांचा संच ही एक सलग कलाकृती असते, तिच्यात क्रमाला अर्थ असतो, आणि तिच्याबद्दल बोलायला संगीताचं शिक्षण झालेलं असावं लागत नाही. यातलं काहीही मुळापासून नव्हतं. तंत्र, व्यापार आणि काही तरुण माणसांचा हट्ट यांतून ते घडत गेलं. त्यातला हट्टाचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण या संगीताची समीक्षा ज्यांनी उभी केली ते जवळजवळ सगळे आपल्यासारखे हौशी श्रोतेच होते.

आधी तंत्र. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटंच मावत. लांबलचक काही विकायचं तर अनेक तबकड्या एका जाड बांधणीत घालाव्या लागत. २१ जून १९४८ रोजी न्यूयॉर्कमधल्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी सादर केली. तिच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं बसत होती. पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची लहान तबकडी आणली, आणि बाजाराची आपोआप वाटणी झाली. मोठी तबकडी अभिजात संगीताला, नाटकांतल्या गाण्यांना आणि मोठ्या माणसांना. लहान आणि स्वस्त तबकडी पोरासोरांच्या पॉप गाण्यांना. फ्रँक सिनात्राने १९५५ मध्ये ‘इन द वी स्मॉल अवर्स’ हा एकाच उदास मनःस्थितीतल्या गाण्यांचा अल्बम केला, तो अपवाद होता. पॉप गायकांचे बहुतेक अल्बम म्हणजे एक-दोन गाजलेली गाणी आणि बाकी जागा भरायला काहीबाही.

ही वाटणी मोडली ती १९६५ ते १९६७ या काळात. बीटल्सचा ‘रबर सोल’ डिसेंबर १९६५ मध्ये आला. अमेरिकेत बीच बॉइजच्या ब्रायन विल्सनने तो ऐकला आणि ज्यात एकही गाणं भरतीचं नसेल असा अल्बम करायचा त्याने ध्यास घेतला. मे १९६६ मध्ये ‘पेट साउंड्स’ आला. ब्रिटनमध्ये तो दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढला, अमेरिकेत मात्र दहाव्याच्या वर गेला नाही. समुद्र, मोटारी आणि लाटांवरची गाणी मागणाऱ्या तिथल्या श्रोत्यांना या हळव्या, वाद्यांनी गजबजलेल्या संगीताचं काय करावं ते कळेना. मला स्वतःला तो अल्बम आजही त्या वर्षातला सर्वांत धाडसी वाटतो. बीटल्सनी त्याला दिलेलं उत्तर म्हणजे १९६७ चा ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’. बरीच गाणी एकमेकांना जवळजवळ चिकटलेली आणि मागच्या आवरणावर सगळ्या गाण्यांचे शब्द छापलेले. श्रोत्याने तबकडी लावावी, समोर बसावं, शब्द वाचत ऐकावं, असंच ते आवरण सुचवत होतं. १९६८ मध्ये या अल्बमला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला; रॉक संगीताला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. पण तो प्रसिद्ध झाला त्याच महिन्यात न्यूयॉर्क टाइम्समध्ये रिचर्ड गोल्डस्टीन या तरुण समीक्षकाने त्यावर कडक टीका केली होती, आणि त्यासाठी वाचकांच्या संतप्त पत्रांचा मारा सोसला होता. पॉप अल्बमवरच्या मतासाठी लोकांनी असं कळकळीने भांडावं, हेच नवं होतं.

लिहिणाऱ्यांची पिढीही याच दोन वर्षांत उभी राहिली. १९६६ च्या सुरुवातीला पॉल विल्यम्स या सतरा वर्षांच्या कॉलेज विद्यार्थ्याने ‘क्रॉडॅडी’ नावाचं नियतकालिक स्वतःच काढलं, अगदी साध्या चक्रमुद्रित पानांवर. तोवरची संगीत नियतकालिकं एक तर व्यापाऱ्यांसाठी विक्रीचे आकडे छापत, नाही तर चाहत्यांसाठी गायकांच्या आवडीनिवडी. आपल्याला एखादी तबकडी का भावली हे गंभीरपणे लिहायला दोन्हीकडे जागा नव्हती. नोव्हेंबर १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘रोलिंग स्टोन’ सुरू झालं. १९६९ मध्ये रॉबर्ट क्रिस्टगाऊने न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकात ‘कन्झ्युमर गाइड’ हे सदर सुरू केलं. त्यात प्रत्येक अल्बमवर एक छोटा परिच्छेद आणि परीक्षेसारखी श्रेणी असे. पैसे घालून तबकडी विकत घेणाऱ्याला कामाला येईल असं लिहायचं, हा त्यामागचा विचार. अल्बमपुढे तारे किंवा गुण मांडायची आजची सवय बऱ्याच अंशी तिथून आली.

या लिहिणाऱ्यांची मतं नेहमी टिकली असं नाही, आणि ते बरंच झालं. लेड झेपेलिनच्या १९६९ च्या पहिल्या अल्बमला ‘रोलिंग स्टोन’ने झोडपलं, श्रोत्यांनी तो डोक्यावर घेतला. उलट बाजूला ‘द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको’. १९६७ मध्ये आलेला हा अल्बम तेव्हा अमेरिकेच्या यादीत १७१ च्या वर सरकला नाही. ज्या थोड्यांनी तो घेतला त्यांतल्या प्रत्येकाने पुढे बँड काढला असावा, अशा आशयाचं ब्रायन ईनो या संगीतकाराने १९८२ मध्ये म्हटलं होतं. थोडे, विखुरलेले, पण मनापासून ऐकणारे श्रोते काय करू शकतात हे त्या अल्बमने दाखवलं, आणि इंडी रॉकची सगळी भिस्त पुढे अशाच श्रोत्यांवर राहिली.

इंडीची खरी सुरुवात ब्रिटनमधली. जुलै १९७६ मध्ये लंडनमध्ये मार्क पेरी या बँकेत कारकुनी करणाऱ्या मुलाने ‘स्निफिन ग्लू’ हे हस्तलिखितासारखं, छायाप्रती काढून वाटलेलं, पंक या बंडखोर रॉकवरचं नियतकालिक काढलं. त्याच वर्षी जेफ ट्रॅव्हिसने पश्चिम लंडनमध्ये ‘रफ ट्रेड’ हे रेकॉर्डचं दुकान उघडलं. आणि जानेवारी १९७७ मध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्सनी ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची तबकडी स्वतःच्या ‘न्यू हॉर्मोन्स’ या लेबलवर, म्हणजे तबकड्या काढणाऱ्या कंपनीच्या नावाखाली, काढली. त्यासाठी त्यांनी सुमारे ५०० पौंड घरच्यांकडून आणि मित्रांकडून उसने घेतले होते. पहिल्या हजार प्रती पाहता पाहता संपल्या, पुढे विक्री १६,००० पर्यंत गेली. कोणतीही मोठी कंपनी मध्ये न घेता तबकडी काढता येते आणि विकताही येते, हे त्या एका उदाहरणाने सिद्ध झालं. १९७८ मध्ये रफ ट्रेड स्वतः लेबल झालं. मँचेस्टरमध्ये फॅक्टरी आणि लंडनमध्ये म्यूट ही लेबलंही त्याच वर्षीची. १९८० मध्ये फोरएडी आलं.

पण तबकडी काढणं सोपं आणि गावोगावच्या दुकानांत पोचवणं अवघड. म्हणून रफ ट्रेड आणि देशातल्या काही दुकानांनी मिळून ‘द कार्टेल’ हे वितरणाचं जाळं उभारलं. जानेवारी १९८० पासून स्वतंत्र तबकड्यांची वेगळी क्रमवारीही छापली जाऊ लागली. तिचा नियम एकच होता : वितरण मोठ्या कंपन्यांच्या जाळ्यातून झालेलं नसावं. संगीत कसं आहे याचा त्यात काही संबंध नव्हता. त्यामुळे दशकाच्या शेवटी कायली मिनोगची चकचकीत पॉप गाणीसुद्धा त्या यादीत दिसत, कारण तिचं लेबल स्वतंत्र वितरणातून माल पाठवत होतं. किणकिणत्या गिटारी, लाजरा आवाज, घरगुती ध्वनिमुद्रण ही ‘इंडी’ची ओळख हळूहळू ठरत गेली. १९८६ मध्ये एनएमई या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाने वाचकांसाठी काढलेल्या ‘सी एटीसिक्स’ या बावीस गाण्यांच्या कॅसेटने ती पक्की केली. अनेक जण त्या कॅसेटला कृत्रिम खटाटोप म्हणतात. मला त्यातला उत्साह खोटा वाटत नाही.

इथे जॉन पील यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. बीबीसी रेडिओ वनवर १९६७ पासून २००४ मधल्या मृत्यूपर्यंत ते अनोळखी बँडच्या तबकड्या वाजवत राहिले. १९७६ पासून त्यांनी वर्षाअखेरीस श्रोत्यांकडून आवडत्या गाण्यांची मतं मागवून ‘फेस्टिव्ह फिफ्टी’ ही यादी सुरू केली. विक्रीचे आकडे नाहीत, समीक्षकांचं मंडळ नाही. पोस्टाने आलेली मतं मोजायची आणि ती यादी वाजवायची. पील स्वतः काही वेळा त्या निकालांवर नाराज असत. तरीही यादी वाजवली जायची. श्रोत्याच्या मताला इतका मान क्वचितच कुणी दिला असेल.

अमेरिकेत हेच काम कॉलेजांच्या रेडिओ केंद्रांनी आणि छोट्या लेबलांनी केलं. कॅलिफोर्नियात एसएसटी, वॉशिंग्टन डीसीत डिस्कॉर्ड, सिअ‍ॅटलमध्ये सब पॉप, पुढे १९८९ मध्ये मर्ज आणि मॅटाडोर. जॉर्जियातल्या आर.ई.एम.चा पहिला अल्बम ‘मर्मर’ १९८३ मध्ये आला. त्यातले शब्द नीट कळतसुद्धा नाहीत; तरी ‘रोलिंग स्टोन’च्या समीक्षकांनी त्याला वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं.

मग १९९१. त्या वर्षीच्या मे महिन्यात संगीताच्या क्रमवाऱ्या छापणाऱ्या बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाने अल्बमच्या यादीसाठी साउंडस्कॅनची पद्धत स्वीकारली. तोवर दुकानदार फोनवर अंदाजाने सांगतील ते ग्राह्य धरलं जाई. आता गल्ल्यावर झालेली प्रत्यक्ष विक्री मोजली जाऊ लागली. कोण खरंच काय विकत घेतं हे पहिल्यांदाच उघड झालं. २४ सप्टेंबरला निर्व्हानाचा ‘नेव्हरमाइंड’ आला. दुकानांत पहिली पाठवणी अवघी ४६,००० प्रतींच्या आसपास होती. जानेवारी १९९२ मध्ये त्याने मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला पहिल्या क्रमांकावरून खाली आणलं. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी दिसेल त्या गिटारवाल्या बँडशी करार केले, आणि ‘हा बँड विकला गेला का’ या वादात नव्वदीतली बरीच वर्षं खर्ची पडली. त्या वादाने ऐकण्याचं नुकसानच जास्त केलं असं माझं मत आहे. लोक गाण्याऐवजी करारपत्र तपासू लागले.

श्रोत्यांची मतं बदलतात कशी, हे पाहायला त्याच दशकातले दोन अल्बम पुरेसे आहेत. वीझर या बँडचा ‘पिंकर्टन’ १९९६ मध्ये आला तेव्हा ‘रोलिंग स्टोन’च्या वाचकांनीच त्याला वर्षातल्या सर्वांत वाईट अल्बमांत बसवलं. आधीच्या अल्बमची खेळकर, चकचकीत गाणी हवी असलेल्यांना हा खरखरीत आणि अवघडलेपण न लपवणारा अल्बम नकोसा झाला. पण तरुण श्रोते तो एकमेकांना देत राहिले. सहा वर्षांनी, २००२ मध्ये, त्याच मासिकाच्या वाचकांनी त्याला आजवरच्या सर्वश्रेष्ठ अल्बमांच्या यादीत वरची जागा दिली. २०१० मध्ये बँडने दौऱ्यात तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायला घेतला. दुसरा न्यूट्रल मिल्क हॉटेल या बँडचा ‘इन द एरोप्लेन ओव्हर द सी’, फेब्रुवारी १९९८, मर्ज लेबलवर. आला तेव्हा बरा म्हटला गेला, इतकंच. पुढच्या काही वर्षांत गायक जेफ मँगम जवळजवळ गप्प झाला, नवा अल्बम आला नाही, आणि त्याच काळात अल्बमची कीर्ती केवळ ऐकणाऱ्यांच्या तोंडून वाढत गेली. ‘पिचफोर्क’ या संगीतसमीक्षेच्या संकेतस्थळाने १९९८ मध्ये त्याला दहापैकी ८.७ गुण दिले होते. २००५ च्या पुनःप्रकाशनावेळी पूर्ण १०. माझ्या मते तो अल्बम पहिल्या ऐकण्यात हाती लागतच नाही. आवाज कर्कश वाटतो, शब्द विचित्र वाटतात, आणि मग तिसऱ्या-चौथ्या वेळी तो सोडवत नाही.

‘पिचफोर्क’ सुरू करणारा रायन श्रायबर हाही रेकॉर्डच्या दुकानात काम केलेला, जेमतेम विशीचा मुलगा. १९९० च्या दशकाच्या मध्यात मिनिआपोलिसमधून त्याने हे काम हाती घेतलं. ०.० ते १०.० असे दशांशातले गुण ही त्यांची खूण. ऑक्टोबर २००० मध्ये रेडिओहेडच्या ‘किड ए’ला त्यांनी १० दिले; २००४ मध्ये आर्केड फायरच्या ‘फ्युनरल’ला ९.७ मिळाले आणि तो अल्बम छोट्या मर्ज लेबलला पुरवता येईना. त्याच बँडच्या ‘द सबर्ब्ज’ला २०११ मध्ये सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाला, तेव्हा स्वतंत्र लेबलची ताकद सगळ्यांना मान्य करावी लागली.

याच काळात उलटा प्रश्न विचारला गेला. ३१ ऑक्टोबर २००४ च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये केलेफा सॅने यांनी लिहिलं की रॉकलाच खरं आणि पॉपला खोटं मानण्याच्या सवयीत पूर्वग्रह दडलेले आहेत. स्वतः गाणं लिहून गिटारवर वाजवणारा पुरुष श्रेष्ठ आणि निर्मात्याबरोबर काम करणारी गायिका दुय्यम, असं का? हा प्रश्न मला अत्यंत रास्त वाटतो. त्याचा परिणाम व्हायला वेळ लागला. ‘पिचफोर्क’ने पॉप गायिका टेलर स्विफ्टच्या जुन्या अल्बमांची समीक्षा केली ती थेट २०१९ मध्ये. पुढच्याच वर्षी, जुलै २०२० मध्ये, तिने ‘द नॅशनल’ या इंडी बँडच्या आरन डेसनरला सोबत घेऊन ‘फोकलोर’ केला आणि त्यावर ग्रॅमी मिळवला. आज दोन्हीकडचे चाहते एकच अल्बम ऐकतात.

ऐकण्याची रीत मात्र पार बदलली. २००३ मध्ये आयट्यून्स स्टोअरने सुटं गाणं ९९ सेंटना विकायला काढलं, २००८ मध्ये इंटरनेटवरून गाणी ऐकवणारं स्पॉटिफाय सुरू झालं, आणि डिसेंबर २०१४ मध्ये बिलबोर्ड १,५०० वेळा ऐकलेली गाणी म्हणजे एक अल्बम असा हिशेब धरू लागलं (हा आकडा २०१८ मध्ये बदलला). त्यामुळे वीस-पंचवीस गाण्यांचे लांबडे अल्बम काढणं फायद्याचं ठरलं, आणि भरतीची गाणी परतली. दुसरीकडे २०२१ मध्ये गायिका अडेलच्या आग्रहावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावर गाणी आपोआप उलटसुलट क्रमाने वाजवणं थांबवलं. २०२२ मध्ये अमेरिकेत विनाइल तबकड्यांच्या प्रती सीडीपेक्षा जास्त खपल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच. जानेवारी २०२४ मध्ये ‘पिचफोर्क’ला त्याच्या मालक कंपनीने ‘जीक्यू’ या पुरुषांच्या मासिकात विलीन केलं आणि बऱ्याच जणांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांतल्या काहींनी त्याच वर्षी वाचकांच्या वर्गणीवर चालणारं ‘हिअरिंग थिंग्ज’ हे स्वतःचं प्रकाशन काढलं, आणि तिथे पुन्हा अल्बमांवर लिहायला सुरुवात केली.